शीला जॉर्डन आणि कानाने मिळवलेली विद्या

विद्येचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथ, पाठशाळा आणि पंडित येतात. परंतु पुष्कळशा विद्यांना ग्रंथ नव्हते आणि पाठशाळाही नव्हत्या. त्या एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात गेल्या आणि कान राहिले तोवर त्या राहिल्या. अशा विद्येवर कधीतरी एक प्रसंग येतोच. तिला शाळेत जाऊन बसावे लागते. घंटा, हजेरीपट, अभ्यासक्रम, परीक्षा हे सारे तिच्या वाट्यास येते. मग त्या विद्येचे पुढे काय होते? पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हापासून हा वाद आपल्याला परिचित आहे. आजही दोन गवई एकत्र बसले की तो निघाल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेतील जाझ संगीतालाही याच वाटेने जावे लागले. ती हकीगत सांगण्यासाठी मी एका गायिकेचे चरित्र निवडले आहे. शीला जॉर्डन हे त्यांचे नाव. जन्म १९२८ सालचा, मृत्यू २०२५ सालचा. एला फिट्झजेराल्ड किंवा बिली हॉलिडे यांच्याएवढी कीर्ती त्यांना कधीच मिळाली नाही. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी कचेरीत टंकलेखन करून पोट भरले, रात्री गायिल्या आणि पुढे सत्तावीस वर्षे महाविद्यालयात गाणे शिकवले. थोर कलावंतांच्या चरित्रांत कलेचा इतिहास झळाळून दिसतो हे खरे; पण विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते हे पाहावयाचे असेल तर अशा मधल्या माणसांकडेच पाहिले पाहिजे.

प्रथम जाझविषयी चार शब्द. हे संगीत आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊन वाजवू लागले आणि आपले गोमंतकीय वादक त्यांच्याकडून ते उचलू लागले. पण नाचघरातला गोंगाट एवढीच त्याची ओळख करून घेणे अन्यायाचे होईल. जाझमध्ये एक ठरलेली चाल असते आणि तिच्याखाली स्वरसमूहांचा ठरलेला क्रम असतो. तो क्रम आपल्या आवर्तनासारखा पुनःपुन्हा फिरत राहतो. ‘ब्लूज’ नावाच्या प्रकारात हे आवर्तन बहुधा बारा खंडांचे, प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे असते. कलावंत एकदा मूळ चाल मांडतो आणि मग त्याच आवर्तनावर त्या क्षणी सुचेल तसे नवे गाणे रचीत जातो. बंदिश तीच, पण बढत रोज निराळी, असे म्हटले तर आपल्या श्रोत्यांस चटकन उमगेल. या उपमेला मर्यादा आहेत. आपल्याकडे राग आहे, तिकडे एकामागून एक बदलणारे स्वरसमूह आहेत. परंतु ऐकून शिकणे आणि ऐनवेळी रचणे या दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच.

शीलाबाईंचा जन्म डेट्रॉइट शहरी झाला, पण बालपण गेले पेनसिल्व्हेनियातील समरहिल नावाच्या खाणीच्या गावी, आजीआजोबांपाशी. आई अगदी कोवळ्या वयाची होती आणि डेट्रॉइटमध्ये कारखान्यात काम करीत होती. घरात दारिद्र्य होते आणि दारूही होती. नळाचे पाणी नव्हते. दगडी कोळसा खणणारी माणसे संध्याकाळी गुत्त्यात बसत आणि गात. त्यांच्यात ही मुलगीही गाई. भीती वाटली की ती गाई असे त्या पुढे सांगत. गाणे हा तिचा छंद नव्हता, आसरा होता.

साधारण चौदाव्या वर्षी ती आईकडे डेट्रॉइटला परतली. १९४० ते १९५० या दशकातले डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे, दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या लक्षावधी कृष्णवर्णीयांचे आणि धुमसत्या द्वेषाचे शहर. १९४३ च्या जून महिन्यात तेथे वर्णदंगल झाली. तीत चौतीस माणसे मेली आणि त्यांतली पंचवीस कृष्णवर्णीय होती. दंगल ओसरली, पण शहराच्या दोन भागांतली भिंत तशीच राहिली.

अशा शहरात ही गोरी मुलगी एके दिवशी शाळेसमोरच्या खाणावळीत गेली. तेथे नाणे टाकून तबकडी वाजवण्याचे यंत्र होते. तिने नाणे टाकले आणि चार्ली पार्करची ‘नाऊज द टाइम’ ही तबकडी लागली. ती १९४५ च्या नोव्हेंबरात मुद्रित झालेली, बारा खंडांच्या ब्लूजवर बांधलेली. चारदोन स्वर ऐकले आणि आपले आयुष्य ज्याला वाहायचे ते हेच, असे तिने ठरवले. ही गोष्ट त्यांनी जन्मभर सांगितली आणि त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले म्हणजे तीत अतिशयोक्ती नव्हती असेच म्हणावे लागते.

आता हे गाणे शिकायचे कोठे? शाळा नव्हती, पुस्तक नव्हते. होती ती तबकडी आणि शहराच्या त्या दुसऱ्या भागातली माणसे. स्कीटर स्पाइट आणि लिरॉय मिचेल या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी तिला आपल्यात घेतले. तिघे मिळून पार्करच्या सॅक्सोफोनवरच्या ताना गळ्यातून काढीत आणि त्यांना शब्द बसवीत. आपल्या नाटककारांनी जुन्या चिजांच्या चालींवर मराठी पदे रचली, त्याच जातीची ही कारागिरी. पार्कर डेट्रॉइटला आला की हे तिघे तेथे हजर. वय लहान म्हणून तिला आत सोडीत नसत; तेव्हा ती मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यावर बसून ऐके. पार्करने या मुलांचे गाणे ऐकले आणि या पोरीचे कान दहा लाख डॉलरांचे आहेत असे तो म्हणाला, ही आठवण त्या मोठ्या अभिमानाने सांगत.

पण या शिक्षणाची फी पैशांत द्यावयाची नव्हती. गोरी मुलगी कृष्णवर्णीय मित्रांबरोबर मोटारीतून दिसली की डेट्रॉइटचे पोलीस त्यांना अडवीत, चौकीवर नेत. या जाचाला कंटाळून १९५१ च्या सुमारास त्या न्यूयॉर्कला गेल्या. पण तेथेही रस्त्यात गोऱ्या गुंडांनी त्यांना मारहाण केली, आणि कारण तेच, बरोबरचे मित्र कृष्णवर्णीय होते. पार्करच्या ताफ्यात पियानो वाजवणाऱ्या ड्यूक जॉर्डनशी त्यांनी लग्न केले. त्या काळी अमेरिकेतील कित्येक राज्यांत असा विवाह गुन्हा ठरे. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले ते १९६७ साली, आणि तोपर्यंत सोळा राज्यांत ते जारी होते. न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा नव्हता, पण लोकांच्या नजरा होत्याच. पतीला अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनचे व्यसन होते. १९५५ साली मुलगी झाली आणि तिला वाढवण्याचा भार एकट्या आईवर पडला.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना खरा शिक्षक भेटला तो लेनी ट्रिस्टानो. हा अंध पियानोवादक. १९५१ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये जाझ शिकवण्याची शाळा काढली. ठरलेल्या पद्धतीने जाझ शिकवण्याच्या पहिल्या काही प्रयत्नांत तिची गणना होते. त्याची पद्धत विलक्षण होती. शिष्य पियानो शिकावयास येवो की सॅक्सोफोन, वाद्याला हात लावण्यापूर्वी त्याने लेस्टर यंग किंवा पार्कर यांच्या तबकडीवरची तान गळ्याने म्हणून दाखवली पाहिजे. नुसते सूर नव्हेत; श्वास, ठेका, आघात, सारे तबकडीबरहुकूम. शीलाबाईंनी पार्करच्या ताना अशा म्हटल्या.

येथे क्षणभर थांबून मागे पाहावे. १९३७ च्या उन्हाळ्यात किशोरवयीन पार्कर ओझार्क डोंगरांतल्या एका मुक्कामी लेस्टर यंगच्या तबकड्या घेऊन गेला होता आणि त्यातल्या ताना तोंडपाठ करून परतला होता. यंगकडून पार्करकडे, पार्करकडून शीलाबाईंकडे, आणि दुवा म्हणून मध्ये एक काळी तबकडी. घराणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच की येथे गंडा बांधला गेला नाही आणि गुरूला कित्येकदा शिष्याचा पत्ताही नव्हता.

मुलीसाठी नोकरी हवी, म्हणून त्या कचेरीत टंकलेखिका झाल्या. रात्री ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘पेज थ्री’ नावाच्या क्लबात तुटपुंज्या पैशांवर गाऊ लागल्या. तेथे संगीतरचनाकार जॉर्ज रसेल यांनी त्यांचे गाणे ऐकले. हा आवाज आला कोठून, असा त्यांना प्रश्न पडला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते त्यांच्याबरोबर समरहिलला गेले. गुत्त्यात खाणकामगारांनी आपल्या शीलाला ‘यू आर माय सनशाइन’ हे जुने लोकप्रिय गाणे म्हणावयास सांगितले. रसेल यांनी परत येऊन त्या गाण्याची नवी बांधणी केली आणि १९६२ च्या ऑगस्टात ते मुद्रित झाले. त्यात काही वेळ सारी वाद्ये गप्प होतात आणि एकटा गळा उरतो. ऐकणाऱ्याला तेथे खाण दिसते, असे म्हटले तर ते काव्य म्हणून सोडून द्यावे; पण त्या निःशब्द पार्श्वभूमीवर आवाजाला कशाचाही आधार नाही आणि तरीही तो ढळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच वर्षी ‘ब्लू नोट’ या कंपनीने त्यांची ‘पोर्ट्रेट ऑफ शीला’ ही तबकडी मुद्रित केली. ही कंपनी वाद्यसंगीतासाठी प्रसिद्ध. गायिकेला तेथे जागा मिळणे ही अपूर्वाई होती. साथीला गिटार, बास आणि ड्रम, एवढेच. पियानो नाही. एका गाण्यात तर फक्त बास हे खर्जाचे तंतुवाद्य आणि गळा. पुढे ही जोडी शीलाबाईंची खूण झाली. पियानोची साथ गायकाला सूर भरून देते, त्याचा दोष झाकते. नुसत्या बासबरोबर गाणे म्हणजे तंबोऱ्याशिवाय गाण्यासारखेच अवघड. कान पक्का नसेल तर दोन ओळींत उघडे पडावयाचे.

जाणकारांनी कौतुक केले. आणि मग? स्वतःच्या नावाची पुढची तबकडी मुद्रित व्हावयास १९७५ साल उजाडले, आणि तीही एका जपानी कंपनीसाठी. मध्ये तेरा वर्षे गेली. १९६४ नंतर तरुणांचे कान बीटल्सकडे वळले, जाझचे क्लब एकामागून एक बंद पडू लागले. शीलाबाईंनी या वर्षांत काय केले? सकाळी कचेरीत गेल्या, संध्याकाळी मुलीचे पाहिले, जमेल त्या रात्री गायिल्या. दारूने त्यांनाही गाठले होते; घरातला तो वारसा मोडून काढावयास त्यांना १९८०नंतरचे दशक यावे लागले. या काळात लोकप्रिय गाणी गाऊन पैसा करण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी धरला नाही. संगीताने आपल्याला पोसावे अशी अट घालण्याऐवजी आपण संगीताला पोसावे, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या गावांतूनही शाळामास्तर, पोस्टातले कारकून, गिरणीतले हिशेबनीस यांनी अशीच पदरमोड करून गाणे जिवंत ठेवले आहे. अशा माणसांना हौशी म्हणून बाजूला सारण्याची सवय आपण सोडली पाहिजे. पोटाचा धंदा निराळा असला म्हणून निष्ठा कमी असते असे नाही.

आता ज्या प्रश्नाने आरंभ केला त्याकडे वळू. अमेरिकेतील विद्यालयांनी जाझला दार उघडले ते फार उशिरा आणि फार संकोचाने. १९४५ साली बोस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी एक खाजगी शाळा काढली. तीच पुढे बर्कली या नावाने जगप्रसिद्ध झाली. १९४७ साली टेक्सासमधल्या एका सरकारी महाविद्यालयात जाझचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. पण ‘जाझ’ हा शब्द विद्यापीठात उच्चारणे शोभत नाही म्हणून त्याला ‘नाचाच्या ताफ्याचे’ शिक्षण असे नाव दिले गेले. आणि त्या वर्षी त्या महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. ज्या समाजाने हे संगीत निर्माण केले त्याच्या मुलांना त्याची पदवी घेण्याची मुभा नाही, असा हा प्रकार. विद्या शाळेत बसते तेव्हा कोण आत येतो आणि कोण दाराबाहेर राहतो, हे म्हणूनच पाहावे लागते.

शीलाबाई १९७८ साली शिकवू लागल्या त्या सिटी कॉलेजमध्ये. या संस्थेचा इतिहास निराळा आहे. १८४७ साली गरिबांच्या मुलांना उच्च शिक्षण फुकट मिळावे म्हणून न्यूयॉर्क शहराने ती स्थापन केली. १९७६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे तीस वर्षे, तेथे फी नव्हती. संस्थेची इमारत हार्लेममध्ये, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. तरी वर्षानुवर्षे त्या वस्तीतली मुले आत फारशी दिसत नसत. १९६९ साली विद्यार्थ्यांनी आंदोलन करून दारे बंद केली आणि १९७० पासून शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला शहराच्या महाविद्यालयांत जागा देण्याचे धोरण आले. फी लागू होऊन दोनच वर्षे झाली होती तेव्हा शीलाबाई तेथे आल्या. पाठीशी संगीताची पदवी नव्हती. नोकरी चालूच होती. १९८७ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कचेरीने त्यांना कमी केले तोपर्यंत टंकयंत्र आणि वर्ग दोन्ही सांभाळले गेले. नोकरी गेली हे संकट म्हणावे, तर त्यानंतरच त्या पूर्णवेळ गायिका झाल्या आणि देशोदेशी हिंडून गाऊ लागल्या, शिकवू लागल्या. सिटी कॉलेजचा वर्ग २००५ पर्यंत चालला.

त्या शिकवीत काय? प्रथम मूळ चाल, आणि तीही रचनाकाराने बांधली तशी. दुसऱ्या गायकाने तबकडीत वाकवलेली चाल पाठ करू नका, असा त्यांचा आग्रह असे. चाल नीट बसल्यावाचून ती सोडण्याचा अधिकार नाही. मग शब्द: त्यांचा अर्थ आपल्या जगण्यात कोठे सापडतो ते पाहा. मग ऐका, बासवाल्याचे ऐका, ड्रमवाल्याचे ऐका, आणि त्यांतून जे सुचेल ते गा. आणि शेवटची गोष्ट, माझ्यासारखे गाऊ नका. त्या स्वतः आपल्या आयुष्याची हकीगत मैफलीत उत्स्फूर्त ब्लूज रचून सांगत. त्यात समरहिल येई, डेट्रॉइट येई, पार्कर येई. कीर्तनकाराने आख्यान लावावे तसा तो प्रकार होता. विद्यार्थ्यालाही त्या म्हणत की तुझी हकीगत तुझ्यापाशी आहे, ती शोध.

शाळेत आल्याने जाझचा प्राण गेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परीक्षेला उतरेल तेवढेच शिकवण्याची वृत्ती वाढते. एकाच साच्याचे सफाईदार गायक निघतात. आणि कचऱ्याच्या डब्यावर बसून ऐकणाऱ्या मुलीची तहान कोणत्याही अभ्यासक्रमात घालता येत नाही. पण दुसरी बाजू पाहा. शीलाबाईंनी शिकवावयास आरंभ केला तेव्हा ती गल्ली उरली नव्हती. क्लब मिटले होते, पार्कर १९५५ सालीच गेला होता. ज्या वस्तीने त्यांना आपले म्हटले तिच्या मुलांनाही आता हे संगीत सहज ऐकू येत नव्हते. अशा वेळी वर्ग हीच गल्ली करणे भाग होते.

आणि त्यांनी ते केले हे मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे कार्य वाटते. वर्गात आल्याने विद्या मरते असे नाही, आणि वर्गाबाहेर राहिल्याने ती जगते असेही नाही. ज्याने ती स्वतः कानाने, किंमत मोजून मिळवली आहे तो वर्गात उभा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. हे संगीत माझे नव्हे, मला कृष्णवर्णीय कलावंतांनी दिले, असे शीलाबाई अखेरपर्यंत सांगत राहिल्या. एका गोऱ्या शिक्षिकेने हार्लेममधल्या वर्गात ही गोष्ट सांगणे हा केवळ विनय नव्हता, ती इतिहासाची नोंद होती. पोलिसचौकी, रस्त्यातली मारहाण, मोडलेला संसार या सगळ्यांतून त्या शिकल्या होत्या की ही विद्या कोणाची आहे आणि आपण ती कोणाकडून घेतली. उसने घेतलेले परत करावयाचे तर ते पुढच्याला द्यावे लागते. मागच्याला देता येत नाही. आपल्याकडे याला गुरुऋण म्हणतात.

२०१२ साली अमेरिकन शासनाच्या कलानिधीने त्यांना ‘जाझ मास्टर’ हा त्या क्षेत्रातला सर्वोच्च मान दिला. २०२५ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांची शेवटची ध्वनिमुद्रिका निघाली: ‘पोर्ट्रेट नाऊ’. साथीला गिटार आणि बास, तीच जुनी थोडकी वाद्ये. त्याच वर्षी ११ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या शहरातही कानाने मिळवलेल्या विद्या पुष्कळ आहेत: गाणे आहे, पखवाज आहे, कीर्तन आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या येणारी माणसे कोठल्या तरी कचेरीत, दुकानात, घराच्या मागल्या खोलीत आपापले काम करीत आहेत. त्यांच्यापैकी कितींना आपण वर्गात बोलावले आहे, आणि त्यांच्या समोर बसावयास कोणाकोणाची मुले येऊ शकतात, एवढे दोन प्रश्न श्रोत्यांनी घरी जाताना मनात घेऊन जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.